धूळ कशाला म्हणायचं?

स्कॅनरच्या खोक्यावर जो आकडा सगळ्यात मोठ्या टायपात छापलेला असतो, तो बहुधा सगळ्यात कमी कामाचा असतो. ६४०० डीपीआय, म्हणजे एका इंचात ६४०० ठिपके. ३५ मिलिमीटर फिल्मची एक चौकट २४ बाय ३६ मिलिमीटरची असते. ती खरोखर ६४०० डीपीआयनं स्कॅन केली तर साडेपाच कोटी पिक्सेल होतात आणि ४८ बिटांची टिफ फाइल सव्वातीनशे एमबीच्या पुढे जाते. एका फोटोची. पण भिंगाला जाहिरात वाचता येत नाही. एप्सन व्ही६०० सारख्या घरगुती स्कॅनरवर चाचणीपट्टी ठेवून मोजणाऱ्यांच्या हाती प्रत्यक्षात दीड हजार डीपीआयच्या आसपासचाच तपशील लागलेला आहे. उरलेले ठिपके फाइलमध्ये असतात, त्यांत माहिती नसते.

गेल्या वर्षी मी असा एक फ्लॅटबेड स्कॅनर निवडायला बसले. पेशा सॉफ्टवेअरचा, त्यामुळे रीतसर एक्सेल शीट झाली. मॉडेलं, रिझोल्यूशन, सेन्सर, फिल्म होल्डर, लिनक्सवर चालतो का, असे बारा कॉलम. तेरावा कॉलम हवा होता, पण त्याचं शीर्षक एका शब्दात मावेना. तो प्रश्न असा होता: समोर ठेवलेल्या वस्तूत फोटो कोणता आणि घाण कोणती, हे कोण ठरवणार? वरवर हा सेटिंगचा प्रश्न आहे. मला तो नैतिक प्रश्न वाटतो, आणि का वाटतो ते सांगण्यासाठी आधी सामान काय होतं ते सांगायला हवं.

माझं आजोळ सांगलीचं, गावभागातलं. आजोबांकडे, म्हणजे आबांकडे, आगफा क्लिक थ्री होता. त्या काळात मध्यमवर्गीय घरात कॅमेरा असलाच तर बरेचदा हाच असायचा. त्यात १२० ची फिल्म जायची आणि एका रोलमध्ये बारा चौरस फोटो निघायचे. २००५ च्या पुरात तळमजल्यावर पाणी आलं, तेव्हा आबांनी एक निर्णय घेतला. निगेटिव्हचा पत्र्याचा डबा त्यांनी साताऱ्याला आईकडे पाठवून दिला. साताऱ्यात आमच्या घरात पाणी शिरायचं तर आधी सांगली-मिरज नकाशावर उरायला नको, असं त्यांचं म्हणणं. अल्बम मात्र सांगलीतच ठेवले. अल्बम बघायला लागतात, निगेटिव्ह कोण बघतं?

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं. सांगलीत पूर फुटांतच मोजतात आणि तेही १९२९ सालच्या या पुलापाशीच. पंचेचाळीस फूट ही धोक्याची पातळी लहान पोरांनाही पाठ असते. कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते, त्यामुळे सांगलीच्या घरात शिरणाऱ्या पाण्यात साताऱ्याचा वाटा मोठा असतो, हा आमच्या घरातला जुना आणि थोडा कडवट विनोद. आबा तोवर गेले होते. पाणी २००५ च्या खुणेच्या वर चढलं आणि लोखंडी कपाटातले अल्बम आठवडाभर त्यात राहिले. साताऱ्यातला डबा कोरडा होता.

तर सामान असं: सांगलीत गाळ बसलेले, एकमेकांना चिकटलेले प्रिंट, आणि साताऱ्यात त्यांपैकी बऱ्याच प्रिंटच्या स्वच्छ निगेटिव्ह.

फोटो पाण्यात का नासतो हे कळलं की स्कॅनरची निवड अर्धी होऊन जाते. फोटोतलं चित्र कागदात नसतं, कागदावरच्या जिलेटिनच्या थरात असतं. जिलेटिन जनावरांच्या हाडाकातड्यापासून बनतं. (आजी सोवळ्यातली होती. तिच्या देवघराशेजारी पणजीचा फोटो होता. ही माहिती तिच्यापर्यंत पोचली नाही ते बरंच झालं.) हा थर पाण्यात फुगतो, मऊ होतो, आणि वाळताना समोर जे असेल त्याला धरतो: दुसरा फोटो, अल्बमचं प्लास्टिक, फ्रेमची काच. म्हणून ओले फोटो चिकटलेल्या अवस्थेत वाळू देऊ नयेत, स्वच्छ गार पाण्यात ठेवून अलगद सुटे करावेत आणि चित्राची बाजू वर ठेवून वाळवावेत, ते जमणार नसेल तर गोठवून वेळ काढावा, असं जतन करणारे तज्ज्ञ सांगतात. सल्ला उत्तम आहे. त्या आठवड्यात गावभागात वीज नव्हती, फ्रीझर कुठून आणणार? प्यायचं पाणी होडीतून येत होतं.

आजीचा एक मोठा फोटो फ्रेमच्या काचेला असा धरला आहे की ओढला तर चेहरा काचेवर राहील. तो काचेसकटच स्कॅन करावा लागतो, आणि इथे स्वस्त स्कॅनर बाद होतात. कॅननच्या लाइड मालिकेसारख्या पातळ, यूएसबीवर चालणाऱ्या स्कॅनरमध्ये सीआयएस प्रकारचा सेन्सर असतो. त्याला टेकलेलं तेवढं स्पष्ट दिसतं; वस्तू दोन-तीन मिलिमीटर वर उचलली की धूसर. जाड, जुन्या धाटणीच्या सीसीडी स्कॅनरमध्ये आरसे आणि भिंग असतं, त्यामुळे थोडी खोली पकडली जाते. वाकडा झालेला कागद आणि काचेमागची आजी दोन्ही त्याला दिसतात. निगेटिव्हसाठी झाकणात वेगळा दिवा लागतो, कारण फिल्ममधून प्रकाश आरपार जायला हवा. शिवाय आबांची फिल्म १२० ची, म्हणजे फक्त ३५ मिलिमीटर घेणारे छोटे डबडे स्कॅनरही गेले. एवढं गाळल्यावर यादीत फारसं काही उरत नाही. पुण्यात एक वापरलेला मिळाला, तो मी साताऱ्याला आणला.

अशा स्कॅनरांच्या खोक्यावर दुसरी एक गोष्ट अभिमानानं लिहिलेली असते: धूळ आणि ओरखडे आपोआप काढून टाकण्याची सोय. युक्ती फार सुंदर आहे. यंत्र फिल्म दोनदा बघतं, एकदा साध्या प्रकाशात आणि एकदा अवरक्त प्रकाशात. रंगीत फिल्ममधले रंग अवरक्त प्रकाश अडवत नाहीत. धूळ आणि ओरखडे अडवतात. त्यामुळे दुसऱ्या वेळी दिसतं ते सगळं कचरा समजायचं आणि पहिल्या चित्रातून भरून काढायचं. ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर मात्र ही युक्ती चालत नाही. तिथे चित्र चांदीच्या कणांचं असतं आणि चांदी अवरक्त प्रकाश अडवते. म्हणजे त्या यंत्राच्या लेखी आबांच्या निगेटिव्हमधली माणसंच धूळ असतात.

एक इंजिनिअर म्हणून मला हे वाक्य अनेक दिवस पुरलं. धूळ ही वस्तू नाही, ती एक व्याख्या आहे. ‘अवरक्त प्रकाश अडवतं ते’ ही यंत्राची व्याख्या. ‘मला बघायचं नाही ते’ ही माणसाची.

मामाची व्याख्या स्पष्ट होती. स्कॅन केलेले पहिले दहा प्रिंट मी त्याला पाठवले. प्रत्येकावर गाळाची तपकिरी रेघ होती, काहींवर जांभळट बुरशी. त्याचा फोन आला.

“हे डाग काढता येतात ना तुझ्या सॉफ्टवेअरमध्ये?”

“येतात. पण मामा, तो पुराचा पुरावा आहे.”

“पूर घरात आला होता. तो फोटोत कशाला ठेवायचा?”

हा युक्तिवाद झटकण्यासारखा नाही. पुराचं सौंदर्य दुरून दिसतं. माझ्या पिढीतल्या, पुण्याला फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाला गाळाची रेघ इतिहास वाटते. ज्यानं तो गाळ फावड्यानं काढला त्याला ती नुसती घाण असते, आणि तिच्याकडे रोज बघायची सक्ती त्याच्यावर कुणी करावी? दुसऱ्याच्या दुःखाचं जतन करण्याची हौस फार लवकर लागते. जुन्या वस्तूंवर लिहिणाऱ्यांमध्ये ती मला बरेचदा दिसते.

४ नोव्हेंबर १९६६ ला इटलीत फ्लॉरेन्सला आर्नो नदीचा पूर आला आणि सांता क्रोचे चर्चमधला चिमाबुए या चित्रकाराचा तेराव्या शतकातला क्रूस पाण्यात सापडला. साठ टक्क्यांच्या आसपास रंग गेला. काय होतं ते जुन्या छायाचित्रांवरून माहीत होतं, हात बसलेले कारागीर होते, गेलेला चेहरा पुन्हा रंगवता आला असता. त्यांनी तो रंगवला नाही. गेलेल्या जागांमध्ये शेजारच्या रंगांच्या बारीक रेघा भरल्या. लांबून बघताना नजर अडखळत नाही. जवळ गेलं की हे मूळ नाही असं त्या रेघा स्वतःच सांगतात. दहा वर्षांनी, १९७६ मध्ये, क्रूस परत लोकांसमोर आला. भरायचं, पण भरलं आहे हे लपवायचं नाही, हे धोरण मला पटतं. अडचण एवढीच की ते चर्चमधल्या क्रूसासाठी आहे. दिवाणखान्यात लावायच्या आई-वडलांच्या फोटोकडून माणसाची अपेक्षा वेगळी असते.

जपानमध्ये ११ मार्च २०११ च्या त्सुनामीनंतर यामामोतो या गावातून साडेसात लाखांच्या आसपास फोटो गोळा झाले. स्वयंसेवकांनी ते धुतले, त्यांच्या डिजिटल प्रती केल्या, आणि लोक येऊन आपले फोटो शोधून घेऊन गेले. जे इतके खराब होते की कुणाचे ते ओळखूच येईना, ते फेकले नाहीत, त्यांचं प्रदर्शन भरवलं. बुरशीनं खाल्लेल्या, रंग वाहून गेलेल्या अनोळखी माणसांचे फोटो. मला त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी फोटो घरच्यांना मिळाले. ज्यांना घरचं कुणी सापडलं नाही, ते इतिहासाला मिळाले.

म्हणून मामाला मी दोन फायली दिल्या. एक जशीच्या तशी, मागच्या बाजूच्या वेगळ्या स्कॅनसकट. दुसरी डाग काढलेली. डाग काढलेलीच्या नावात ‘दुरुस्त’ हा शब्द आहे. इथवर वाद नव्हता.

वाद मामेभावामुळे झाला. काचेमागच्या आजीच्या फोटोत डाव्या डोळ्यापासून गालापर्यंत थर वितळला आहे. त्यानं तो फोन-ॲपमध्ये टाकला आणि दोन मिनिटांत नवी कोरी आजी ग्रुपवर आली. दोन्ही डोळे, पापण्या, गालावर सुरकुतीसुद्धा. मामा खूश झाला. आईनं फोन लांब धरून बघितला आणि विचारलं, “ही कोण?”

या ॲपमध्ये काय होतं ते मला कामामुळे माहीत आहे. ते डाग पुसत नाही. हजारो दुसऱ्या चेहऱ्यांवरून, इथे बहुधा काय असेल, त्याचा अंदाज बांधतं आणि तो रंगवतं. २०२० मध्ये पल्स नावाच्या अशाच एका प्रणालीला बराक ओबामांचा पिक्सेल पिक्सेल झालेला फोटो दिला, तेव्हा तिनं एका गोऱ्या माणसाचा सुस्पष्ट चेहरा काढून दिला होता. त्याआधी, २०१३ मध्ये, डेव्हिड क्रीझेल या जर्मन संशोधकानं दाखवून दिलं की झेरॉक्स कंपनीची काही मोठी यंत्रं स्कॅन करताना ६ च्या जागी ८ टाकत होती. जागा वाचवायला यंत्र सारखे दिसणारे तुकडे शोधायचं आणि एकच तुकडा सगळीकडे वापरायचं. तिथे ना धूसरपणा होता ना डाग. आकडा स्वच्छ, ठसठशीत आणि चुकीचा होता. गाळाची रेघ तरी प्रामाणिक असते. इथलं गेलं आहे, एवढं ती सांगते.

मामेभावाचं म्हणणं होतं, पूर्वी स्टुडिओवालेही ब्रश मारायचेच की. मारायचे. आजीच्या लग्नातल्या फोटोत भुवया उघडउघड रंगवलेल्या आहेत. फरक मला असा दिसतो: स्टुडिओतल्या माणसानं आजीला समोर बसवून रंगवलं आणि ती रंगवलेली आजीनं पैसे देऊन घरी नेली. या डाव्या डोळ्याबद्दल तिला कुणी विचारलेलं नाही, आणि तो ज्या बायकांच्या डोळ्यांवरून बनला त्यांनाही नाही. उद्या तिची पणती तोच डोळा आजीचा म्हणून ओळखेल. मेलेल्या माणसाचं नुकसान करता येतं का, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न. करता येत असेल तर ते असंच होत असावं: त्याच्या जागी दुसरं कुणी आणून बसवायचं आणि सगळ्यांनी आनंद मानायचा.

इथवर माझी बाजू मला भक्कम वाटत होती. मूळ ते खरं, भर ती खोटी. मग निगेटिव्ह स्कॅन करायला घेतल्या.

मामाची मुंज १९६८ ची. तिचा एक फोटो घरात सगळ्यांना पाठ आहे. वाड्याच्या अंगणात मामा, आजी, आबा, आणखी चार-पाच नातेवाईक. प्रिंट आडवा, आयताकृती, आता तपकिरी रेघेसह. मागे आबांच्या अक्षरात शाईनं नावं लिहिली होती, त्यातली तीन वाचता येतात, पुढची वाहून गेली. निगेटिव्ह अर्थातच चौरस. स्कॅनरचं सॉफ्टवेअर चौकटी आपोआप ओळखून कापतं आणि कापताना कडेचं थोडं खातं, म्हणून मी ते बंद करून होल्डरच्या कडेपर्यंत पूर्ण चौकट घेतली. डावीकडे, ओसरीच्या खांबाशी, दाराकडे अर्धवट वळलेली एक बाई उभी आहे. डोक्यावरून पदर. फोटो आईला दाखवला. तिला ओळखायला क्षणही लागला नाही.

“आक्का,” ती म्हणाली. तिची आत्या. विसाव्या वर्षी विधवा होऊन भावाच्या घरी आलेल्या. आई आणि मामा दोघांनाही त्यांनीच वाढवलं, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्यांचा एकही फोटो घरात नव्हता, हे मात्र त्या दिवशी लक्षात आलं.

आता मूळ कोणतं? निगेटिव्ह म्हणजे प्रकाशानं नोंदवलं ते. प्रिंट म्हणजे आबांनी ठेवायला निवडलं ते. माझं आधीचं तत्त्व लावलं तर उत्तर सोपं आहे: पूर्ण चौकट खरी, आक्का परत आल्या. पण प्रिंट कापला कुणी? चौरस निगेटिव्ह आयताकृती कागदावर मोठी करताना स्टुडिओवाला काहीतरी कापणारच. तो कागदाचा हिशोब असू शकतो. मंगलकार्याच्या फोटोत विधवा नको, असं आबांनीच सांगितलेलं असू शकतं. पाठीवरची नावं वाचता आली असती तर कदाचित काही कळलं असतं. आणि तिसरी शक्यता मला सगळ्यात जास्त छळते. त्या वळलेल्या आहेत. म्हणजे कॅमेरा दिसल्यावर त्या बाजूला होत असाव्यात. आपण फोटोत नसावं हे त्यांनाच हवं असेल, तर त्यांना मध्ये आणणारी मी कोण?

आई म्हणाली, “त्यांना हवं होतं म्हणजे काय? कार्य असलं की त्या माजघराच्या बाहेर येत नसत. तसं शिकवलं होतं त्यांना.” मामा बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, “आबांनी ठेवला तोच फोटो. तोच ठेव.” मला तो आक्कांच्या विरुद्ध बोलतो आहे असं वाटलं नाही. आपल्या वडलांना या वयात आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायची त्याची तयारी नव्हती. ती असायलाच हवी असं मी म्हणू शकत नाही.

शिकवलेली इच्छा ही इच्छा धरायची की नाही, यावर ग्रंथ आहेत आणि त्यातून या एका चौकटीपुरता निकाल मला काढता आलेला नाही. पण दोन कामं वेगळी आहेत असं मला वाटतं. भिंतीवर काय लावायचं हे ज्याची भिंत त्यानं ठरवावं. तिथे मामाचा शब्द चालेल. फाइल मात्र मी कापणार नाही, कारण कापण्यासाठी आक्कांची इच्छा काय होती हे माहीत असावं लागेल, आणि न कापण्यासाठी ते माहीत असण्याची गरज नाही. न कापलेली चौकट उद्या कुणीही कापू शकतं. उलटं करता येत नाही. आजीच्या डोळ्याच्या बाबतीत माझा आक्षेप हाच होता. जे होतं ते काढणं आणि जे नव्हतं ते भरणं, दोन्हींत पुढच्याची बघण्याची संधी आपण खर्च करतो.

व्यवहारात याचा अर्थ असा: प्रिंट ६०० डीपीआयनं, दोन्ही बाजूंनी. १२० च्या निगेटिव्ह २४०० नं, कडांसकट, कोणतीही आपोआप सफाई न करता. धूळ फुंकणीनं जेवढी उडेल तेवढीच. डब्यात आणखी तीसेक रोल आहेत. काहींना आंबूस वास यायला लागला आहे, म्हणजे फिल्मचा अ‍ॅसिटेट कुजतो आहे. ते आधी घेते आहे. बऱ्याच फ्रेममधली माणसं आई ओळखते, थोड्या कुणालाच ओळखू येत नाहीत.

मामाला ‘दुरुस्त’ केलेला आयताकृती फोटो पाठवला, तो आता सांगलीच्या घरात वरच्या मजल्यावर लागला आहे. आईला पूर्ण चौकट हवी होती. तिचा प्रिंट घेऊन आम्ही साताऱ्यात राजपथावरच्या एका फ्रेमवाल्याकडे गेलो. त्यानं फोटो पट्टीनं मोजला आणि म्हणाला, चौरस फ्रेम तयार मिळत नाही, आठ बाय दहाची आहे, कडेचं थोडं कापलं की बसेल, इकडे तसं काही महत्त्वाचं दिसत नाही. आई म्हणाली, करून द्या चौरस. चार दिवस लागतील म्हणाला.